डोळे आले नव्हते

२०२३ च्या ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात माझ्या अकरावीच्या वर्गातली बावन्नपैकी एकोणीस मुले गैरहजर होती आणि त्या एकोणीस नावांपुढे मी हजेरीपटात एकच शब्द लिहीत गेले होते : डोळे. त्यापुढे काही लिहिण्याची गरज नव्हती. त्या पावसाळ्यात महाराष्ट्रभर डोळ्यांची साथ पसरली होती, नागपुरात घराआड घरात कोणी ना कोणी काळा चष्मा लावून बसलेले होते आणि आमच्या शिक्षककक्षात एकमेकांच्या पेनाला हात लावण्याआधी लोक विचार करत होते. त्यामुळे शुक्रवारी सकाळी दात घासताना आरशात माझा डावा डोळा लाल दिसला, तेव्हा इतके दिवस आपण सुटलो कशा, याचेच मला नवल वाटले. सासूबाई मूळच्या काटोलकडच्या. चहाचा कप पुढे करताना त्यांनी एकदाच माझ्याकडे पाहिले आणि निकाल देऊन टाकला, "डोये आले तुये. कॉलेजातून आनले असन." मग माझा टॉवेल काठीने उचलून त्यांनी वेगळ्या दोरीवर टाकला.

टॉवेल वेगळा टाकण्यात त्यांचे काही चुकले नव्हते. साथीचे डोळे बहुतेक वेळा अडिनोव्हायरससारख्या विषाणूमुळे येतात आणि तो विषाणू हात, टॉवेल, उशी, दाराची कडी यांच्यावाटे पसरतो. आलेल्या डोळ्यांकडे नुसते पाहिल्याने पसरत नाही. काळ्या चष्म्याने झाला तर एवढाच फायदा होतो, की डोळ्याकडे वारंवार जाणारा हात अडतो. प्रतिजैविकाचे थेंब विषाणूला लागू पडत नाहीत आणि बहुतेकांचे डोळे आठ-पंधरा दिवसांत आपले आपणच निवळतात. हे सगळे मी वर्गात मुलांना सांगून झाले होते. माझी चूक निराळीच होती. डोळा कोणत्याही कारणाने लाल झाला तरी आपण मराठीत 'डोळे आले' म्हणतो आणि एकदा हे दोन शब्द उच्चारले गेले, की पुढचे प्रश्न कोणी विचारत नाही. गणित शिकवणारी बाई असूनही, उदाहरण वाचण्याआधीच मी त्याला सूत्र लावून मोकळी झाले होते.

आता आठवते, की उदाहरणात सगळे दिलेले होते. माझ्या पापण्या सकाळी चिकटलेल्या नसत. साथीतली मुले चिपडांनी डोळा उघडत नाही म्हणून रडकुंडीला येत होती. माझ्या डोळ्यातून नुसते पाणी वाहत होते. त्यांची लाली डोळ्याच्या सगळ्या पांढऱ्या भागावर, पापणीच्या आतपर्यंत पसरलेली असे. माझी लाली बुबुळाला चिकटून कडे करून बसली होती आणि तिचा रंग लालपेक्षा कांद्याच्या सालीसारखा जांभळट होता. त्यांचे डोळे खुपत होते. माझा दुखत होता. खुपणे आणि दुखणे हे दोन वेगळे शब्द आपल्या भाषेत उगाच नाहीत. खुपते ते वर, पापणीखाली, वाळूचा कण गेल्यासारखे. माझे दुखणे आत होते, खोल होते आणि दुपारनंतर भुवईवर चढून अर्धे डोके धरत होते. शिवाय माझा उजवा डोळा सहा दिवसांनंतरही स्वच्छ पांढरा होता. साथीत मात्र एक डोळा आला, की दोन-चार दिवसांत बहुधा दुसराही येतो.

नागपुरात "जरा मेडिकलला जाऊन येते" म्हटले, तर ऐकणाऱ्याला दोन अर्थ लागू शकतात. एक मेडिकल म्हणजे १९४७ पासूनचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आणि त्याचे प्रचंड रुग्णालय. दुसरे म्हणजे गल्लीच्या तोंडावरचे औषधाचे दुकान. मी दुसऱ्या मेडिकलला गेले आणि साथीसाठी काउंटरवरच मांडून ठेवलेल्या बाटल्यांपैकी एक घेऊन आले. तीन दिवसांनी फरक पडेना, तेव्हा कॉलेजजवळच्या एका दवाखान्यात गेले. तिथल्या डॉक्टरांनी टेबलाच्या पलीकडूनच पाहिले, "सध्या हेच चालू आहे," म्हणाले आणि थेंब बदलून दिले. त्यांना फार दोष द्यावा असे वाटत नाही. त्या आठवड्यात त्यांच्या दारात माझ्यासारखे लाल डोळ्यांचे कितीतरी लोक बसलेले होते आणि त्यांतल्या बहुतेकांना खरोखरच साथीचे डोळे आले होते. बुधवारी मात्र वर्गातली ट्यूबलाइट मला सहन होईना. मी खिडक्या लावून घेतल्या, दिवे बंद करायला लावले आणि फळ्यावर स्वतःच लिहिलेले समीकरण डाव्या डोळ्याने वाचायला गेले, तर साय धरलेल्या काचेतून पाहावे तसे दिसले. तेव्हा पहिल्यांदा पोटात गोळा आला.

गुरुवारी धंतोलीत एका नेत्रतज्ज्ञ बाईंकडे गेले. त्यांनी आधी एक पट्टी डोळ्याला लावली, नारिंगी-पिवळा रंग डोळ्यात पसरू दिला आणि निळ्या उजेडात बुबुळावरचा पारदर्शक पडदा, म्हणजे पारपटल, तपासून घेतले. तिथे नागिणीच्या जातीच्या विषाणूची फांद्याफांद्यांची जखम नाही ना, याची त्यांना आधी खात्री करून घ्यायची होती, असे त्यांनी नंतर सांगितले. मग स्लिट लॅम्पच्या पट्टीवर हनुवटी टेकवायला लावली, कपाळ वरच्या पट्ट्याला लावायला सांगितले आणि खोलीतला दिवा मालवला.

स्लिट लॅम्प हे यंत्र १९११ सालचे, स्वीडनच्या अल्व्हार गुलस्ट्रँड यांचे. त्याची कल्पना कोणाही कवेलूच्या घरात राहिलेल्या माणसाला चटकन समजेल. नागपुरातल्या महाल भागातल्या माझ्या माहेरच्या जुन्या घरावर कवेलू होते; दुपारी एखाद्या फुटक्या कवेलूतून माजघरात कवडसा उतरायचा आणि एरवी स्वच्छ वाटणाऱ्या हवेत केवढी धूळ तरंगते आहे, ते त्या तिरक्या पट्ट्यात दिसायचे. स्लिट लॅम्प डोळ्यात असाच एक बारीक तिरका कवडसा सोडतो. पारपटल आणि बुबुळ यांच्यामधल्या कप्प्यात जे पाणी असते, ते निरोगी डोळ्यात इतके नितळ असते, की कवडसा त्यातून जाताना दिसतच नाही. माझ्या डोळ्यात तो दिसत होता. धुके असलेल्या रस्त्यावर गाडीच्या दिव्याचा झोत दिसतो तसा, आणि त्यात कण तरंगत होते. ते कण म्हणजे रक्तातल्या पांढऱ्या पेशी आणि ते धुके म्हणजे रक्तातून पाझरलेली प्रथिने. या पेशी एक मिलिमीटर लांबी-रुंदीच्या झोतात मोजतात आणि २००५ साली तज्ज्ञांनी ठरवलेल्या मोजपट्टीनुसार त्यांना श्रेणी देतात : सहा ते पंधरा पेशी म्हणजे पहिली, सोळा ते पंचवीस दुसरी, सव्वीस ते पन्नास तिसरी आणि त्याहून जास्त असल्या तर चौथी. माझी तिसरी होती. एवढ्या दुखण्यातही, कोणीतरी शेवटी मोजले, याचे मला बरे वाटले.

"तुम्हाला साथीचे डोळे आलेले नाहीत, मॅडम," डॉक्टर म्हणाल्या. "सूज वरच्या पातळ आवरणाला नाही, आत आहे. ह्याला युव्हायटिस म्हणतात." डोळ्याच्या गोळ्याला तीन थर असतात आणि त्यांतला मधला थर रक्तवाहिन्यांनी भरलेला, गडद रंगाचा असतो. बाहेरचा थर सोलून काढला तर तो काळ्या द्राक्षासारखा दिसतो. म्हणून द्राक्षाच्या लॅटिन नावावरून त्याला युव्हिया म्हणतात. बुबुळाचा रंगीत पडदा हा त्याच थराचा पुढचा, आपल्याला दिसणारा भाग. त्याच्यामागे एक स्नायूंचे कडे असते. ते जवळचे पाहताना भिंगाला आकार देते आणि पुढच्या कप्प्यातले पाणीही तयार करते. या पाण्याचा हिशेब मी त्याच आठवड्यात डोळे मिटून पडल्या पडल्या मांडला. कप्प्यात साधारण पाव मिलिलिटर पाणी असते आणि मिनिटाला त्याचा सुमारे शंभरावा भाग नवा तयार होऊन तेवढाच जुना वाहून जातो. म्हणजे दोन तासिकांहून थोड्या अधिक वेळात डोळा आपले पाणी बदलून घेतो. एरवी डोळ्यातल्या रक्तवाहिन्या अशा घट्ट विणीच्या असतात, की या पाण्यात रक्तातले फारसे काही उतरू देत नाहीत. दाह झाला की ती वीण सैल पडते.

मला आपल्या जुन्या शब्दांची चौकशी करायची खोड आहे. सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात डोळ्यांचे ७६ रोग सांगितले आहेत. त्यांतला अभिष्यंद हा बहुतेक नेत्ररोगांचे मूळ मानलेला आहे आणि या शब्दातला स्यंद म्हणजे पाझरणे, वाहणे. अभिष्यंदाकडे वेळीच लक्ष दिले नाही तर अधिमंथ होतो, त्यात डोळा आतून घुसळल्यासारखा दुखतो आणि अर्धे डोके धरते, असे तिथे म्हटले आहे. आजच्या कोणत्या रोगाला हे नाव नेमके चिकटवावे, हा वाद मी अभ्यासकांवर सोडते. पण वाहणाऱ्या डोळ्याला आणि घुसळणाऱ्या डोळ्याला त्या माणसांनी दोन नावे दिली होती आणि आपण त्यांचे पुन्हा एकच करून टाकले, एवढे खरे.

बाहुली मोठी करण्याचा थेंब डॉक्टरांनी दहा-दहा मिनिटांनी तीनदा टाकला आणि मग यंत्राला जोडलेल्या कॅमेऱ्यातून माझाच डोळा मला पडद्यावर दाखवला. बाहुली गोल उघडायला हवी होती. ती उघडली होती बेलाच्या पानासारखी. तीन बाजूंना पाकळ्या आणि त्यांच्या मधल्या खाचांच्या जागी बुबुळाची कड मागच्या भिंगाला चिकटलेली. कांजी केलेली सुती साडी न झटकता घडी घालून ठेवली, तर घड्या एकमेकींना धरून बसतात. प्रथिनांच्या पाण्यात बुबुळ आणि भिंग यांचेही तसेच होते. चिकटण्याचे कडे पूर्ण झाले तर पाण्याची वाट बंद होते, डोळ्याच्या आतला दाब चढतो आणि काचबिंदूपर्यंत गोष्ट जाते. माझे सहा दिवस या तीन खाचांमध्ये जमा झाले होते.

उपचाराला दोन बाटल्या होत्या. पहिली होमॅट्रोपिनची, बाहुली मोठी ठेवणारी. तिने आतल्या स्नायूला विश्रांती मिळते म्हणून दुखणे उतरते आणि बाहुली ताणलेली राहिल्यामुळे नव्या गाठी बसत नाहीत, जमल्यास जुन्या सुटतात. हिच्याच कुळातले जास्त जोरकस औषध म्हणजे अट्रोपिन. ते बेलाडोनाच्या झाडात सापडते आणि आपल्या धोतऱ्यातही. सासूबाईंना मी हे सांगितले, तेव्हा त्यांना त्यात काही नवे वाटले नाही. त्यांच्या वावरात धोतरा उपटताना एका गड्याच्या डोळ्याला रस लागला होता आणि दोन दिवस त्याला हातातली भाकर धड दिसत नव्हती, हे त्यांनी स्वतः पाहिलेले होते. (धोतरा विषारी आहे आणि त्याचा औषध म्हणून घरी प्रयोग करू नये, हे वेगळे सांगायला नको; पण आमच्या शेजारणीने मध आणि एरंडेल दोन्ही सुचवून झाले होते, तेव्हा सांगितलेले बरे.) तेलंगखेडीच्या महादेवाला आपण बेल आणि धोतरा एकत्र वाहतो. माझ्या डोळ्यात त्या श्रावणात दोन्ही होते.

अट्रोपिनचा परिणाम आठवडा-पंधरवडा टिकतो, होमॅट्रोपिनचा दिवस-दोन दिवसांत ओसरतो. तेवढ्यानेही डाव्या डोळ्याला जवळचे काही वाचता येत नसे आणि ढगाळ आकाशाचा उजेडसुद्धा बर्डीच्या उड्डाणपुलाखालून बाहेर पडताना तोंडावर फेकल्यासारखा येई. मेमधल्या पंचेचाळीस अंशांच्या उन्हात ही वेळ आली असती तर काय झाले असते, याची कल्पना नागपूरकराला वेगळी द्यायला नको.

दुसरी बाटली प्रेडनिसोलोनची, म्हणजे स्टेरॉइडची. खरा उपचार हाच. स्टेरॉइड म्हटले की आपल्याकडे लोक बिचकतात तरी किंवा नको तितके सैल वापरतात तरी. १९४८ साली अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमध्ये फिलिप हेंच आणि एडवर्ड केंडॉल यांनी संधिवाताने अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाला कॉर्टिसोन दिले आणि काही दिवसांत ती व्यक्ती चालू लागली. १९५० चे नोबेल पारितोषिक त्या दोघांना आणि स्वित्झर्लंडच्या टाडेउश राइखश्टाइन यांना मिळाले. (आपल्या नागपूरच्या मेयो रुग्णालयाचा त्या मेयोशी नावापलीकडे काही संबंध नाही, लहानपणी मला बरेच दिवस तो शोध सीए रोडवर लागला असे वाटत होते.) तेच औषध पुढे डोळ्यांपर्यंत आले आणि ज्या दाहापुढे पूर्वी शेक, विश्रांती आणि अट्रोपिन यांखेरीज फारसे काही नव्हते, तो थेंबांनी आवरता येऊ लागला. पण पारपटलावर नागिणीच्या जातीच्या विषाणूची जखम असताना हाच थेंब पडला, तर जखम पसरते आणि डोळा जाऊ शकतो. डॉक्टरांनी आधी रंग टाकून पाहिले, ते यासाठी. प्रतिजैविक आणि स्टेरॉइड एकत्र असलेल्या बाटल्या आपल्याकडे काउंटरवर सहज मिळतात, म्हणून हे एवढे सविस्तर लिहिते आहे.

औषध दुधट असते आणि ठेवले की तळाशी बसते. बाटली नीट हलवली नाही, तर सुरुवातीचे थेंब निव्वळ पाणी आणि शेवटचे निव्वळ साका. खालची पापणी ओढून तिथे जो खिसा होतो, त्यात एकच थेंब टाकायचा. डोळ्यात दुसऱ्या थेंबाला जागाच नसते, तो गालावर ओघळतो. थेंबानंतर डोळा मिटून नाकाच्या बाजूचा कोपरा बोटाने दोन मिनिटे दाबून धरायचा, नाहीतर औषध अश्रूंच्या वाटेने नाकात आणि घशात उतरते आणि जिभेवर कडू चव येते. दुसऱ्या बाटलीचा थेंब पाच मिनिटे थांबून. हे सगळे साधे आहे आणि दिवसातून सोळा वेळा करायचे असले की अजिबात साधे राहत नाही.

सोळाच्या पुढे उतरती श्रेढी होती. पहिला आठवडा सकाळी सहापासून रात्री नऊपर्यंत दर तासाला एक, म्हणजे रोज सोळा. दुसरा आठवडा आठ. मग सहा, चार, तीन, दोन आणि शेवटचा आठवडा एक. बेरीज चाळीस, गुणिले सात, एकूण २८० थेंब. मी तो तक्ता कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूला आखला आणि फ्रिजवर लावला. दुखणे तिसऱ्या दिवशी निम्मे झाले, दहाव्या दिवशी संपले. पंधरा दिवसांनी डोळा पांढरा झाला आणि बेलाच्या पानाच्या दोन खाचा सुटून बाहुली जवळजवळ गोल झाली. डॉक्टरांनी यंत्रातून पाहिले आणि अजून आठ-दहा पेशी आहेत, तक्ता सोडू नका, असे बजावले. मी मान डोलावली. ज्याला दुखत नाही, जो लाल नाही, ज्याने स्वच्छ दिसते, त्या डोळ्यात रोज थेंब टाकणे किती अवघड असते, हे मला तेव्हा माहीत नव्हते.

पोळ्याच्या दिवशी मी थांबले. घरी पुरणपोळ्या होत्या, पाहुणे होते, बाटली संपत आली होती. दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा, मारबतीची, म्हणजे ईडा पीडा घेऊन जाणाऱ्या पुतळ्यांची, मिरवणूक. सासूबाई दरवर्षीप्रमाणे दारात उभ्या राहून ओरडल्या, "ईडा पीडा घेऊन जा गे मारबत!" आणि माझ्याकडे वळून म्हणाल्या, "तुये डोयेबी गेले तिच्यासंग." मी हसले. मी २८० पैकी फक्त २१ थेंब वाचवले होते.

आठ दिवसांनी, २२ सप्टेंबरच्या मध्यरात्रीनंतर नागपुरात जो पाऊस पडला, तो इथल्या माणसांना सांगायला नको. अंबाझरी तलाव ओसंडला, नाग नदी पात्र सोडून वस्त्यांत शिरली, आमच्या इमारतीच्या तळमजल्यात पाणी भरले आणि वीज गेली. पहाटे चारला खालच्या बिऱ्हाडातले आजी-आजोबा आमच्या घरी होते, टेबलावर गणपती होता आणि नवरा मोबाइलचा टॉर्च घेऊन आतबाहेर करत होता. माझा डावा डोळा संध्याकाळपासून जड होता. मी जागरणावर ढकलले होते. वळताना टॉर्चचा झोत माझ्या उजव्या डोळ्यावर पडला. डावा मी हाताने झाकलेलाच होता. आणि दुखला तो झाकलेला डावा.

मी नवऱ्याला थांबवले आणि पुन्हा उजव्या डोळ्यावर उजेड टाकायला लावला. पुन्हा तेच, बुबुळाच्या आत चिमटा घेतल्यासारखे. कारण मला नंतर समजले, पण अर्थ त्या क्षणीच लागला. दोन्ही बाहुल्या एकमेकींशी जोडलेल्या असतात. एका डोळ्यावर उजेड पडला, की दुसऱ्याचीही बाहुली आकसते, आणि ज्याच्या बुबुळाला सूज आहे तो डोळा अंधारात असूनही त्या आकसण्याने दुखतो. वरवरच्या आवरणाला सूज असलेल्या साथीच्या डोळ्यात असे होत नाही. पुराच्या रात्री, घरात घोटाभर चिखलाचे पाय फिरत असताना, मला माझे निदान मोबाइलच्या टॉर्चने झाले. रस्ते मोकळे होऊन डॉक्टरांपर्यंत पोहोचायला सोमवार उजाडला. "थांबवले नसते तरी कदाचित पुन्हा आले असते," त्या म्हणाल्या, "पण आता तक्ता पहिल्या ओळीपासून." हे त्यांनी माझ्या समाधानासाठी म्हटले की ते खरेच होते, हे मी विचारले नाही.

या खेपेला कारणाचा शोध सुरू झाला. पहिल्याच भेटीत त्यांनी मला विचारले होते, की तुमची कंबर दुखते का. डोळ्याच्या डॉक्टरांनी कंबर विचारावी याचे मला हसू आले होते आणि तासन्तास उभे राहून शिकवते, गाडी चालवते, दुखणारच, असे मी उत्तर दिले होते. आता त्यांनी नेमके विचारले : कधी दुखते? आणि मग मला माझेच उत्तर ऐकावे लागले. पहाटे. उठल्यावर अर्धा-पाऊण तास कंबर लाकडासारखी असते, कामाला लागले की सुटते, रविवारी लोळत पडले की जास्त धरते. दमल्याने दुखणारी कंबर विश्रांतीने बरी होते. विश्रांतीने बिघडणारी आणि हालचालीने सुधारणारी कंबर हे सांध्यांच्या दाहाचे लक्षण असू शकते.

भारतात असा डोळा आला, की क्षयाचा विचार करावाच लागतो. छातीचा एक्स-रे झाला, रक्त गेले, हातावर मॅन्टूची सुई टोचली. तिसऱ्या दिवशी ती जागा चांगली रुपयाएवढी लाल झालेली पाहून माझी पाचावर धारण बसली. तंत्रज्ञ मुलाने पट्टी काढली, बोटाने चाचपून कडक फुगवटा कुठे संपतो ते पाहिले, पेनाने दोन रेघा मारल्या आणि चार मिलिमीटर लिहिले. "लाली मोजायची नसते, मॅडम," तो म्हणाला. क्षय नव्हता. रक्तातले एचएलए-बी२७, म्हणजे पेशींवरचे वारशाने येणारे एक प्रथिन, मात्र होते. पुढच्या अंगाला अचानक होणाऱ्या युव्हायटिसशी आणि मणक्यांच्या एका संधिवाताशी या वारशाचे नाते १९७३ साली लक्षात आले. ते अंगात असणाऱ्या बहुतेकांना आयुष्यभर काहीही होत नाही, हेही तितकेच खरे. माझ्या माकडहाडाजवळच्या सांध्यांच्या एमआरआयमध्ये दाह दिसला. आठ वर्षे मी ज्या कंबरदुखीसाठी गाडीची सीट बदलत होते, तिचे नाव मला डोळ्यातून कळले.

सासूबाईंचा प्रश्न वेगळा होता : एका डोळ्याचे दुसऱ्याला लागते का? माझ्या बाबतीत संसर्गाने लागणारे काही नव्हतेच. पुढे कधीतरी उजव्याची पाळी येऊ शकते, एवढेच. पण प्रश्न अगदी अडाणी नाही. एका डोळ्याला खोल जखम झाली, तर क्वचित शरीराची संरक्षणयंत्रणा धड डोळ्यावरही उलटते. लुई ब्रेल तीन वर्षांचे असताना वडिलांच्या कारखान्यातली आरी एका डोळ्यात घुसली आणि पाच वर्षांचे होईतो दोन्ही डोळे गेले. ते याच प्रकाराने गेले असावेत, असे मानले जाते. तो १८१२ ते १८१४ चा काळ होता, कॉर्टिसोन यायला अजून एक शतक आणि तीन दशकांहून थोडा अधिक काळ होता.

मला जास्त अस्वस्थ केले ते धंतोलीच्या त्या दवाखान्यात भेटलेल्या सहा-सात वर्षांच्या मुलीने. तिचा गुडघा सुजलेला होता आणि डोळे स्वच्छ, पांढरे, हसरे होते. लहान मुलांच्या एका संधिवातात युव्हायटिस न दुखता, न लाल होता चालू राहतो आणि मुलाला कमी दिसते हे घरच्यांना कळेपर्यंत पारपटलावर पांढरी पट्टी किंवा आत मोतीबिंदू झालेला असतो. म्हणून काहीही त्रास नसताना त्या मुलांना दर काही महिन्यांनी स्लिट लॅम्पपुढे बसवावे लागते. तिची आई रामटेकहून एसटीने आली होती आणि शेजारी बसलेल्या मला विचारत होती, की चांगल्या डोळ्यांच्या पोरीला इतक्या लांब आणायचे म्हणजे सासरी काय सांगायचे. मला जे सुचले ते सांगितले. ते पुरेसे होते असे वाटत नाही.

स्टेरॉइडने आपला हिशेबही मांडला. दुसऱ्या फेरीच्या चौथ्या आठवड्यात डाव्या डोळ्याचा दाब २७ भरला. दहा ते एकवीसच्या दरम्यान तो असायला हवा. काहींच्या डोळ्यांत या थेंबांनी दाब चढतो आणि तोही दुखत नाही, मोजल्याशिवाय कळत नाही. टिमोलॉल नावाची तिसरी बाटली आली आणि तक्त्याला तिसरा रकाना. जास्त दिवस स्टेरॉइड चालले तर मोतीबिंदूही लवकर होतो. दाह पुन:पुन्हा उसळला किंवा मागच्या पडद्याकडे गेला, तर मिथोट्रेक्सेट किंवा अडालिमुमॅबसारखी संरक्षणयंत्रणेला लगाम घालणारी औषधे असतात. मला तूर्त त्यांची गरज पडली नाही. सांध्यांच्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि रोज सकाळी वीस मिनिटांचा व्यायाम लावून दिला. त्या वेळी मी २८० थेंब मोजून पुरे केले. शेवटच्या तपासणीत डोळ्यातले पाणी नितळ होते. भिंगावर, बुबुळ जिथे चिकटले होते तिथे, तपकिरी ठिपक्यांची एक अर्धवट माळ मात्र राहिली आहे. मला ती दिसत नाही. डॉक्टरांना दर वेळी दिसते आणि दर वेळी त्या तिचे चित्र कागदावर काढतात.

२०२४ च्या ऑगस्टच्या मध्यात, पहाटे, मला पुन्हा तो जडपणा जाणवला. मी आरशात पाहण्याआधी न्हाणीघरातला दिवा बंद केला, डावा डोळा तळहाताने झाकला आणि उजव्यावर टॉर्च धरला. दुपारी साडेअकराला मी स्लिट लॅम्पपुढे होते. पेशी पहिल्या श्रेणीत, बाहुली गोल, एकही खाच नाही. तक्ता पुन्हा फ्रिजवर चढला.

त्या वर्षी मारबत पाहायला आम्ही इतवारीत गेलो, कारण सासूबाईंना काळी आणि पिवळी जवळून पाहायची होती. माझा तिसरा आठवडा, म्हणजे रोज सहा थेंब. एका बंद दुकानाच्या पायरीवर आम्ही उभ्या होतो, बडग्यांचे पुतळे पुढे सरकत होते, गुलाल उडत होता म्हणून मी डोळ्यांवर मोठा चष्मा चढवला होता, तेवढ्यात पर्समध्ये बाराचा गजर वाजला. मी बाटली काढली, तर सासूबाईंनी ती माझ्या हातातून घेतली. समोरून लोक गर्जत होते, "घेऊन जा गे मारबत!" आणि सासूबाई मिरवणुकीकडे पाठ करून बाटली उलटीसुलटी हलवत होत्या, ओठांतल्या ओठांत वीसपर्यंत मोजत होत्या. मोजून झाल्यावर त्यांनी डाव्या हाताने माझी पापणी खाली ओढली.

"वर पाह्य," त्या म्हणाल्या.